कोलोनचा दफ्तरखाना कोसळला तेव्हा फिल्म डोंगरात होती

मायक्रोफिल्मचा, म्हणजे कागदांचे अगदी बारीक फोटो ज्या फिल्मवर काढून ठेवतात तिचा, विषय निघाला की मी कोलोनचं उदाहरण देतो आणि दरवेळी ते अर्धवट राहतं, चहा संपतो, समोरच्याला उठायचं असतं, आणि त्याच्या डोक्यात एवढंच राहतं की जर्मनीत कुठेतरी एक बिल्डिंग पडली आणि फिल्म होती म्हणून सगळं वाचलं. तसं नाहीये ते. सगळं वाचलं नाही, आणि जे वाचलं ते फक्त फिल्ममुळे वाचलं असंही नाही. म्हणून एकदा सलग लिहून काढतोय. लांब होईल, पण ज्यांचा जुन्या कागदांशी संबंध आहे, मग ते देवस्थानचं दफ्तर असो, वाचनालयातल्या जुन्या पेपरच्या फायली असोत की माळ्यावरच्या पेटीतले पणजोबांचे मोडी कागद, त्यांनी हे वाचावं असं मनापासून वाटतं.

आधी तो दफ्तरखाना काय होता ते. कोलोन म्हणजे ऱ्हाइन नदीवरचं फार जुनं व्यापारी शहर, आणि हा दफ्तरखाना शहराचा स्वतःचा, म्हणजे केंद्राचा नाही राज्याचा नाही, सरळ महापालिकेचा. कपाटं एकापुढे एक मांडली तर ३० किलोमीटर भरतील एवढं दफ्तर. सगळ्यात जुनं चर्मपत्र इ.स. ९२२ चं. नुसत्या सनदा आणि करारपत्रंच ६५ हजार, त्याशिवाय लाखभर नकाशे, फोटो, पोस्टर्स, आणि लेखक, संगीतकार, आर्किटेक्ट अशा आठशेवर लोकांचे खासगी संग्रह. तेराव्या शतकातला विद्वान अल्बर्टस मॅग्नस, त्याच्या स्वतःच्या हातची हस्तलिखितं इथे होती. मला स्वतःला सगळ्यात भारी वाटतात त्या तिथल्या घरजमिनीच्या नोंदी, ११३० च्या आसपास सुरू झालेल्या, कुठल्या आळीतलं कुठलं घर कोणी कोणाला विकलं, गहाण कोणाकडे टाकलं, भावाभावांत वाटणी कशी झाली, म्हणजे आपल्या भाषेत सातबारा आणि फेरफारच की, फक्त शिवाजी महाराजांच्याही पाचशे वर्षं आधीचा.

दुसऱ्या महायुद्धात कोलोनवर इतके बॉम्ब पडले की शहराचा मधला भाग जवळजवळ सपाट झाला, पण दफ्तर आधीच दुसरीकडे हलवलेलं होतं त्यामुळे ते जवळपास पूर्ण सुखरूप राहिलं. जर्मनीतल्या बऱ्याच शहरांच्या नशिबात हे नव्हतं. त्यामुळे कोलोनला त्याचा अभिमान होता, आणि तो योग्यच होता.

१९७१ साली सेव्हेरिन रस्त्यावर नवी इमारत झाली. आपल्याकडच्या लोकांनी या इमारतीबद्दल जरूर वाचावं, कारण त्यात एसीवर भिस्त नव्हती. जाड विटांच्या भिंती, खिडक्या म्हणजे नुसत्या उभ्या फटी, हवा नैसर्गिकरीत्या खेळेल अशी रचना, त्यामुळे आत तापमान आणि दमटपणा हळूहळू बदलायचा, एकदम वर खाली नाही. या पद्धतीला ‘कोलोन मॉडेल’ म्हणून नाव पडलं आणि दुसऱ्या दफ्तरखान्यांनी ती उचलली. म्हणजे लक्षात घ्या, निष्काळजी लोकांची गोष्ट नाहीये ही. इमारत चांगली होती, माणसं शिकलेली होती, काम शिस्तीत चाललं होतं.

मग आला ३ मार्च २००९, मंगळवार. इमारतीच्या समोर रस्त्याखाली मेट्रोच्या नव्या मार्गाचं काम चालू होतं, तिथे गाड्यांना रूळ बदलता यावेत म्हणून एक खोल खड्डा घेतलेला होता. दुपारी दोनच्या थोडं आधी खड्ड्याच्या तळातून पाणी आत घुसायला लागलं. खालचे कामगार पळत वर आले आणि त्यांनी, हे फार मोठं काम केलं त्यांनी, दफ्तरखान्यात आणि आजूबाजूला ओरडून सांगितलं की बाहेर पडा. कर्मचारी आणि वाचक हातातलं काम तसंच टाकून बाहेर आले आणि काही मिनिटांतच, १ वाजून ५८ मिनिटांनी, अख्खी इमारत रस्त्याच्या बाजूला कोसळली आणि त्या खड्ड्यात गेली. शेजारच्या राहत्या घरांचाही भाग खाली आला, त्यात दोन तरुण मुलं गेली, एक १७ वर्षांचा आणि एक २४. कागदांबद्दल लिहिताना हे दोघं मागे पडतात बऱ्याचदा, तसं व्हायला नको.

कारण शोधायला पुढे खूप वर्षं लागली. खड्ड्याच्या कडेने जमिनीत काँक्रीटची भिंत उतरवतात, आपल्याकडे मेट्रोच्या कामात डायफ्रॅम वॉल म्हणतात तीच, तर ती भिंत खोदताना एका ठिकाणी खाली मोठा दगड लागला, तो काढला नाही, आणि त्या जागी काँक्रीटऐवजी माती-वाळूची फट राहून गेली असं तपासात पुढे आलं. चार वर्षांनी ती फट फुटली आणि इमारतीच्या पायाखालची सुमारे ५,००० घनमीटर वाळू आणि पाणी खड्ड्यात वाहून गेलं. म्हणजे दफ्तरखान्याच्या आत कोणी काही चुकलं नव्हतं. कागद सांभाळणाऱ्या माणसाच्या हातात नसलेली गोष्ट होती ती, रस्त्यापलीकडची.

दफ्तरातलं सुमारे ९० टक्के ढिगाऱ्याखाली गेलं. त्यातलं बरंचसं भूजलाच्या पातळीखाली, म्हणजे पाण्यात. विटा, काँक्रीट, लोखंडी कपाटं आणि मधे मधे चर्मपत्रं. अग्निशमन दल, दफ्तरखान्याची माणसं, ठिकठिकाणाहून आलेले रिस्टोअरर, म्हणजे जुने कागद दुरुस्त करणारे कारागीर, आणि शेकडो स्वयंसेवक, विद्यार्थी, निवृत्त लोक, महिनोन्महिने तो ढिगारा हाताने उपसत होते. एका मोठ्या हॉलमध्ये प्रथमोपचार केंद्र काढलं, कागदांसाठी प्रथमोपचार, तिथे कोरडं असेल त्याची धूळ झाडायची, ओलं असेल ते पातळ प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून थेट डीप फ्रीजला पाठवायचं. हे का, तर ओल्या कागदाला दोन-तीन दिवसांत बुरशी धरते, आणि एकदम शेकडो मीटर कागद वाळवणं कोणालाच शक्य नसतं, पण गोठवलं की वेळ थांबते. मग सवडीने निर्वात यंत्रात त्यातल्या बर्फाची सरळ वाफ करून टाकायची, पाणी होऊच द्यायचं नाही, म्हणजे शाई पसरत नाही. पाण्याखालचा शेवटचा भाग काढायला तर वेगळं बांधकाम करावं लागलं आणि ते २०११ पर्यंत चाललं. शेवटी हिशोब लागला तो असा की साधारण ९५ टक्के सामान कुठल्या ना कुठल्या अवस्थेत हाती आलं.

आता ‘कुठल्या ना कुठल्या अवस्थेत’ याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. काही बाडं जवळजवळ धडधाकट, काही दाबली जाऊन विटेसारखी, आणि लाखोंच्या संख्येत नुसते तुकडे, हाताच्या पंजाएवढे नाहीतर त्याहून लहान. त्या तुकड्यांना तिथे ‘कोलोनचे फ्लेक्स’ असं नाव पडलं, आणि ते जुळवायला कॉम्प्युटर प्रोग्रॅम वापरायची वेळ आली. शिवाय क्रम गेला. दफ्तराचं अर्धं मोल क्रमात असतं, कुठल्या रुमालात, म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्यात, कुठला कागद कोणाच्या मागे होता यात. पेशवे दफ्तरात काम केलेल्या कोणालाही विचारा, रुमाल एकदा सुटला आणि कागद मिसळले की काय होतं. इथे ३० किलोमीटरचे रुमाल एकाच खड्ड्यात सुटले होते, आणि वर जसजसं निघेल तसतसं ते देशभरातल्या वीसएक दफ्तरखान्यांत जागा मिळेल तिथे ठेवलं गेलं, कारण कोलोनमध्ये ठेवायला जागाच उरली नव्हती.

आता फिल्मकडे येतो.

१९५४ साली हेगमध्ये एक आंतरराष्ट्रीय करार झाला, युद्धाच्या काळात सांस्कृतिक ठेवा कसा जपायचा याबद्दल. महायुद्धात इतकं जळालेलं सगळ्यांनी पाहिलेलं होतं. त्या विचारातून पश्चिम जर्मनीने १९६१ पासून महत्त्वाच्या दफ्तरांची मायक्रोफिल्म करायला घेतली, सरकारी खर्चाने, आणि नागरी संरक्षणाचं काम म्हणून, हे महत्त्वाचं आहे, म्हणजे ज्या खात्याने बॉम्बपासून लपायला बंकर बांधायचे त्याच खात्याच्या यादीत हेही काम. डोक्यात भीती होती ती अणुयुद्धाची. मेट्रोची नाही.

पद्धत अगदी साधी. ३५ मिलिमीटरची फिल्म, जुन्या सिनेमाची असायची तेवढीच रुंद, कॅमेरा वर उभा बसवलेला, खाली टेबलावर कागद, दोन्ही बाजूंनी दिवे, एक पान, क्लिक, पुढचं पान, क्लिक. काळी-पांढरी फिल्म, आकार दहा-पंधरा पटीने लहान झालेला. पॉलिस्टरचा पट्टा, त्यावर जिलेटिनचा थर आणि त्या थरात चांदीचे कण, प्रतिमा म्हणजे ते चांदीचे कण. नीट धुतली, म्हणजे फिक्सरचा, प्रतिमा पक्की करायच्या रसायनाचा, अंश मागे राहू दिला नाही आणि थंड कोरड्या जागी ठेवली, तर अशी फिल्म ५०० वर्षं टिकेल असं प्रमाण धरतात. आणि वाचायला काय लागतं, तर उजेड आणि भिंग. सॉफ्टवेअर नाही, पासवर्ड नाही, फाइल उघडत नाही हा प्रकार नाही. मी हे लोकांना सांगतो तेव्हा त्यांना आधी पटत नाही, मग एक रोल खिडकीसमोर धरून दाताच्या डॉक्टरसारखं छोटं भिंग हातात देतो, आणि अक्षर दिसलं की चेहरा बदलतो माणसाचा.

फिल्म तयार झाली की ती ठेवायची कुठे. फ्रायबुर्गजवळ ब्लॅक फॉरेस्टमध्ये ओबेररीड नावाचं गाव आहे, तिथे डोंगरात चांदीच्या जुन्या खाणीचा एक बोगदा आहे, खाणकामगारांची संत बार्बरा, तिच्या नावाने बार्बरा बोगदा. १९७५ पासून फिल्म तिथे जाते. वर ग्रॅनाइट आणि नाइसचा खडक, आत बारा महिने साधारण १० अंश तापमान, यंत्राशिवाय. आत स्टेनलेस स्टीलची पिंपं, दिसायला थेट बिअरच्या पिंपांसारखी, एकेका पिंपात १६ रोल, प्रत्येक रोल दीड किलोमीटरचा. फिल्म आधी चार आठवडे १० अंशांत आणि ३५ टक्के दमटपणात ठेवतात म्हणजे तिच्या अंगातली जास्तीची ओल निघून जाते, आणि मग पिंप हवाबंद. बोगद्यात ओल असली तरी पिंपाच्या आत कोरडी हवा तशीच राहते. अशी दीड हजाराहून जास्त पिंपं आणि त्यात १०० कोटींच्या वर पानांची चित्रं आहेत तिथे. दारावर निळ्या-पांढऱ्या ढालीची खूण तीनदा काढलेली, हेग कराराची, म्हणजे विशेष संरक्षण, युद्धातही इथे हात लावायचा नाही. १९७८ पासून युनेस्कोच्या त्या खास यादीत नाव आहे.

कोलोनच्या दफ्तरातल्या जुन्या भागाची, मुख्यतः १९४५ च्या आधीच्या कागदांची, मोठ्या प्रमाणावर फिल्म झालेली होती आणि ती कोलोनपासून चारशेएक किलोमीटर लांब या डोंगरात पडून होती. इमारत कोसळली त्या संध्याकाळी तिच्यात काहीच फरक पडलेला नव्हता. एक चांदीचा कण हलला नव्हता.

पुढे त्या फिल्मवरून स्कॅन झाले, लाखो फ्रेम, आणि दफ्तरखान्याच्या ऑनलाइन वाचन कक्षात टाकले गेले. म्हणजे मूळ कागद डीप फ्रीजमध्ये, नाहीतर खोक्यात तुकडे होऊन पडलेला, आणि त्याच वेळी त्यातला मजकूर एखादा अभ्यासक घरी बसून वाचतोय, चौदाव्या शतकातल्या ठरावात काय लिहिलंय ते कळतंय, काम थांबत नाही. आणखी एक फायदा आहे जो पटकन सुचत नाही. फिल्मवर पानं क्रमाने असतात. समजा ढिगाऱ्यातून एक पान निघालं, वेष्टन नाही, क्रमांक नाही, तर ते कुठल्या बाडातलं आणि कुठे बसणार हे ताडून बघायला फिल्मसारखं दुसरं साधन नाही. तिथे कॅमेऱ्यासमोर उभं राहून पन्नास वर्षांपूर्वी ज्या ऑपरेटरने न कंटाळता पान उलटलं, क्लिक केलं, पान उलटलं, क्लिक केलं, त्याने तो क्रम गोठवून ठेवलाय. मला हे फार मोठं वाटतं. त्या माणसांची नावं कुठे येत नाहीत.

पण आता दुसरी बाजू, आणि माझ्या मते या प्रकरणाचा गाभा इथेच आहे.

फिल्म होती ती जुन्याची. नव्याची, आणि खासगी संग्रहांची, बहुतांशी नव्हती. सरकारी योजनेत अग्रक्रम ठरलेले होते, सगळ्यात महत्त्वाचं आधी, आणि महत्त्वाचं म्हणजे बहुतेक वेळा सनदा, दरबारी दफ्तर, मध्ययुग. हे चुकीचं नाही म्हणता येणार, पैसा आणि माणसं मोजकी असली की कुठेतरी रेघ ओढावीच लागते. पण रेघेच्या अलीकडे काय राहिलं ते बघा. नोबेल मिळालेला लेखक हाइनरिश ब्योल, कोलोनचाच, त्याच्या कागदपत्रांचा राहिलेला संग्रह शहराने त्याच्या कुटुंबाकडून ८ लाख युरो देऊन घेतला आणि तो फेब्रुवारी २००९ मध्ये, म्हणजे कोसळण्याच्या जेमतेम काही आठवडे आधी. इतक्या लवकर फिल्म कोण करणार. आर्किटेक्ट लोकांचे ड्रॉइंग, फोटो, निगेटिव्ह, पत्रं, संस्थांची कागदपत्रं, यांची दुसरी प्रत जगात कुठेच नव्हती. आणि गंमत म्हणजे, गंमत नाही, वाईट म्हणजे, मध्ययुगातल्या सनदांचा मजकूर शंभर वर्षांपूर्वीच कोणीतरी छापून ठेवलेला असतो, बऱ्याचदा, पण एखाद्या लेखकाचा खोडाखोडीचा खर्डा किंवा एखाद्या संस्थेचा पत्रव्यवहार एकमेव असतो. म्हणजे ज्याला दुसरी प्रत असण्याची शक्यता सगळ्यात कमी, त्याचीच फिल्म सगळ्यात शेवटी.

शिवाय फिल्म म्हणजे मजकूर, वस्तू नाही. काळ्या-पांढऱ्या फिल्मवर लाल शाई आणि काळी शाई सारखीच दिसते. लाखेचा शिक्का म्हणजे एक काळा डाग. कागदातला वॉटरमार्क दिसत नाही, आधीचं खोडून वर लिहिलंय का ते कळत नाही, मागची बाजू ऑपरेटरला कोरी वाटली आणि त्याने सोडली असेल तर ती गेलीच. रंगीत नकाशा असेल तर अर्धी माहिती गेली. पुढे त्या लोकांनीही यात सुधारणा केली, आधी रंगीत डिजिटल स्कॅन घ्यायचा आणि मग तो लेसरने रंगीत फिल्मवर उतरवायचा असं तंत्र आलं, पण कोलोनची जुनी फिल्म करड्या रंगाचीच आहे. कोणी म्हणालं की फिल्म आहे तर मग मूळ कागद दुरुस्त करायला एवढा खर्च कशाला, तर त्याचं उत्तर हे आहे. अल्बर्टस मॅग्नसने टाक कुठे दाबला आणि कुठे उचलला ते फ्रेममध्ये पुरतं उतरत नाही.

तिसरी एक गोष्ट घडली ती मला सगळ्यात जवळची वाटते. कोसळल्यानंतर काही दिवसांतच बॉन विद्यापीठातल्या आणि इतर काही अभ्यासकांनी मिळून एक वेबसाइट उभी केली आणि जगभरातल्या लोकांना सांगितलं की तुम्ही कधी कोलोनच्या दफ्तरखान्यात बसून काही झेरॉक्स काढले असतील, फोटो घेतले असतील, मायक्रोफिल्मवरून प्रिंट मागवल्या असतील, तर त्या इथे अपलोड करा. आणि लोकांनी केल्या. कोणाच्या पीएचडीच्या खोक्यातून, कोणाच्या घराण्याच्या वंशावळीच्या फाइलमधून. म्हणजे वाचकांना प्रती काढू दिल्या होत्या म्हणून त्या परत आल्या. आपल्याकडे अनेक ठिकाणी अजून फोटो काढू देत नाहीत, पेन्सिलनेच उतरवून घ्या म्हणतात, आणि त्यामागे कागद जपण्याचाच हेतू असतो हे मी मान्य करतो, पण प्रती बाहेर असणं हाही जपण्याचाच प्रकार आहे, हे त्यांनी कोलोनकडे बघून तपासावं.

आता आपल्याकडचं थोडं, कारण त्याशिवाय मी हे लिहिलंच नसतं.

काही वर्षांपूर्वी मी एका संस्थेत मोडी कागदांची यादी करायच्या कामाला जात होतो, नाव घेत नाही. तिथे एक लोखंडी कपाट होतं, वरच्या दोन कप्प्यांत रुमाल आणि खालच्या कप्प्यात त्याच रुमालांची मायक्रोफिल्म. तिथले काका, तीस वर्षं दफ्तर सांभाळलेले, फार प्रेमळ माणूस, ते अभिमानाने म्हणाले, ‘कागदांची काळजी नाही हो आता, फिल्म करून ठेवलीय सगळी.’ मी कपाट उघडलं आणि भक्कन व्हिनेगरचा वास आला. काकांना वाटलं पावसाळ्याचा वास असेल. मी त्यांना म्हटलं, काका, हा वास फिल्मचाच आहे, आणि मग दोघंही काही वेळ काही बोललो नाही.

ते काय असतं सांगतो. पॉलिस्टरच्या आधी फिल्म सेल्युलोज ॲसिटेटची असायची. उष्ण आणि दमट हवेत ॲसिटेट फुटतं आणि त्यातून ॲसिटिक ॲसिड सुटतं, म्हणजे व्हिनेगर, आणि एकदा ते सुटायला लागलं की तेच ॲसिड पुढची फूट आणखी वाढवतं, थांबत नाही. फिल्म आक्रसते, वाकडी होते, जिलेटिनचा थर सुटून येतो. शेजारच्या चांगल्या रोललाही लागण होते. आणि हे ऐकून मला धक्का बसला होता, ट्रायॲसिटेट फिल्म १९४८ ला बाजारात आल्यावर दहा वर्षांच्या आत कोडॅक कंपनीकडे या रोगाची पहिली तक्रार गेली ती भारत सरकारकडूनच, आपल्या गरम दमट हवेत ठेवलेल्या फिल्मची. म्हणजे या दुखण्याची पहिली नोंदच आपल्या नावावर आहे आणि तरी कपाट उघडल्यावर आपल्याला तो वास पावसाळ्याचा वाटतो.

ओळखायची सोपी खूण सांगून ठेवतो. रोल उभा उजेडासमोर धरायचा आणि कडेने बघायचं, पॉलिस्टर असेल तर गुंडाळीतून उजेड आरपार येतो, ॲसिटेट असेल तर गुंडाळी काळी दिसते. आणि पॉलिस्टर हाताने फाटत नाही, पण ते करून बघायचं असेल तर सुरुवातीच्या कोऱ्या टोकावरच, मजकुरावर नाही. ॲसिडसाठी ए-डी स्ट्रिप नावाच्या निळ्या कागदी पट्ट्या मिळतात, रोलच्या डब्यात ठेवून झाकण लावायचं, खोलीच्या तापमानाला एक दिवस, निळी राहिली तर ठीक, हिरवी झाली तर रोग सुरू झालाय, पिवळी झाली तर ती फिल्म ताबडतोब दुसरीकडे वेगळी काढायची आणि कॉपी करून घ्यायची. रोग मागे फिरवता येत नाही. थंडीत ठेवून त्याचा वेग कमी करता येतो एवढंच. आणि पुठ्ठ्याच्या स्वस्त डब्यात फिल्म ठेवू नका, तसल्या पुठ्ठ्यातून निघणाऱ्या वायूंनी चांदीवर तांबूस बारीक ठिपके येतात, तेही मी पाहिलेत.

पण त्या कपाटातली खरी अडचण वास नव्हती. खरी अडचण ही होती की कागद आणि फिल्म एकाच कपाटात होते. पाणी आलं तर दोन्ही जाणार, आग लागली तर दोन्ही जाणार. पुण्याच्या लोकांना १२ जुलै १९६१ सांगायला नको, पानशेतच्या पाण्याने पेठांमधल्या किती घरांतलं काय काय नेलं. आणि २१ जून २०१२ ला मुंबईत मंत्रालयाचे वरचे मजले जळाले तेव्हा टीव्हीवर आख्ख्या महाराष्ट्राने धूर पाहिला, माणसं गेली, आणि फायलीही गेल्या. त्या दिवशी ज्या फायलीची प्रत दुसऱ्या इमारतीत होती ती फाइल राहिली, एवढा साधा हिशोब असतो हा. कोलोनची फिल्म भारी होती म्हणून नाही वाचली. ती लांब होती म्हणून वाचली. तीच फिल्म, तीच पिंपं, दफ्तरखान्याच्या तळघरात ठेवली असती तर तीही त्याच खड्ड्यात गेली असती.

डिजिटलवाल्यांशी माझं भांडण नाहीये, मी स्वतः रोज स्कॅनरवर बसतो. वाचायला, शोधायला, पाठवायला स्कॅनच हवा. पण हार्ड डिस्क कपाटात टाकून दहा वर्षांनी काढली तर ती चालू होईल याची खात्री मी कोणाला देणार नाही, तिला सारखं कोणीतरी बघावं लागतं, नवीन डिस्कवर घ्यावं लागतं, आणि छोट्या संस्थेत तो ‘कोणीतरी’ बदली होतो, निवृत्त होतो, नाहीतर त्याचं मानधन बंद होतं. नीट केलेली पॉलिस्टर फिल्म थंड कोरड्या जागी वीस वर्षं कोणी बघितली नाही तरी बसून राहते. ज्यांच्याकडे माणसं कमी आहेत त्यांना फिल्म जास्त उपयोगी, असं माझं मत आहे, आणि नेमकं त्यांनाच कोणी हे सांगत नाही.

कोलोनमध्ये आज काय आहे तर सप्टेंबर २०२१ मध्ये आयफेलवाल रस्त्यावर नवीन दफ्तरखाना उघडला, त्यात रिस्टोरेशनची स्वतःची मोठी कार्यशाळा आहे. एकूण नुकसान १२० कोटी युरोच्या वर धरलं गेलं आणि बांधकाम कंपन्यांशी २०२० मध्ये ६० कोटी युरोवर तडजोड झाली. दुरुस्तीचं काम मात्र कितीतरी वर्षं चालणार आहे, सुरुवातीला अंदाज दिला गेला तो दोनशे रिस्टोअररना तीस वर्षं असा. म्हणजे तिथला एखादा कागद आज जरी ऑनलाइन वाचन कक्षात करड्या फ्रेममध्ये दिसत असला तरी मूळ कागद अजून खोक्यात आपला नंबर लागायची वाट बघत असू शकतो.

आमच्या त्या कपाटाचं काय झालं तेही सांगतो. पिवळी पट्टी आलेले रोल आधी बाहेर काढले, कागद शाबूत होते म्हणून ॲसिटेटवरून कॉपी करत बसलो नाही, मूळ रुमालांवरूनच पुन्हा घेतलं, आधी स्कॅन आणि मग स्कॅनवरून पॉलिस्टर फिल्म, दोन प्रती. एक प्रत तिथेच, पण दुसऱ्या खोलीत. दुसरी प्रत घाटावरच्या एका कोरड्या हवेच्या गावात, एका ओळखीच्या वाचनालयात, काकांनी स्वतः एसटीने नेली मांडीवर ठेवून. दर सहा महिन्यांनी मी नाहीतर काका तिकडे जातो, डबे उघडतो, वास घेतो, एखादा रोल भिंगाखाली धरून बघतो. या वेळी आम्ही फिल्म झालेल्या रुमालांची यादी बाजूला ठेवून फिल्म न झालेल्यांची यादी केली. त्यात सगळी घरगुती पत्रं आहेत, सासुरवाशिणींची माहेरी लिहिलेली, सावकाराला लिहिलेली, एक पूर्ण रुमाल तर दुष्काळात गाव सोडून गेलेल्यांच्या निरोपांचा. दिवाळीनंतर तिथून सुरुवात करतोय.